मेंदूतले कार्यकर्ते

मी पोटासाठी काय करते हे आमच्या गावात अजून कुणाला कळलेलं नाही, आणि ते कळावं म्हणून मी जे जे केलं त्यानं परिस्थिती आणखीच बिघडली. मी पुण्यात एका संशोधन संस्थेत कम्प्युटरवर मेंदूचा एक तुकडा बनवते. खरा नाही, गणितातला. डोळ्यांतून आलेलं जिथं पोचतं आणि मग आपल्याला 'दिसतं', तो डोक्याच्या मागच्या बाजूचा भाग. गावात बातमी गेली ती अशी की, साहेबांची बहीण पुण्यात मेंदू बनवते. झालं. पुढच्या सुट्टीत मी चौसाळ्याला बसमधून उतरून घरी पोचते न पोचते तोच ओसरीत माणसं हजर. एकाचं डोकं दुखत होतं. एकाचा मोबाईल चालू होत नव्हता. एक बाई पोराला घेऊन आल्या होत्या, ते डॉक्टरकीच्या परीक्षेत दोनदा घसरलेलं. त्यांचं म्हणणं एवढंच की तुमच्याकडं एखादा तयार असंल तर बघा.

ज्याला लोक साहेब म्हणतात तो माझा थोरला भाऊ, दादा. आमच्या भागातला पुढारी. जमीन बरी आहे, आवाज मोठा आहे, आणि जिल्हा परिषदेचं तिकीट दर वेळी अगदी त्याच्या हाताशी येऊन दुसऱ्याला जातं. त्यामुळं आमच्या घरात बारा महिने निवडणूक असते. सकाळी दूध तापायच्या आधी ओसरीत प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या जातात आणि पांढऱ्या कपड्यांतली माणसं येऊन बसतात. त्यातली निम्मी काम घेऊन येतात, निम्मी चहा पिऊन जातात. वहिनी दिवसभर चहाच्या पातेल्यापाशी उभी. एकदा मी तिला विचारलं, कंटाळा येत नाही का गं तुला? ती म्हणाली, कंटाळायला आधी बसावं लागतं.

तर दादानं एकदा ठरवलं की बहिणीचा उपयोग करून घ्यायचा. बैठक भरलेली असताना मला बोलावलं आणि म्हणाला, सांग बरं ह्यांना तू काय करती ते, सोप्या भाषेत. मला वाटलं, लोकांना विज्ञान कळावं ही त्याची तळमळ. इतकी शिकले तरी भोळी ती भोळीच मी.

मी सुरुवात केली की मेंदूत दोन जातीच्या पेशी असतात. जात म्हटल्याबरोबर सगळे सरळ बसले. मी म्हटलं, तसलं काही नाही, ऐका. एक चेतापेशी. त्या निरोप देतात, निरोप घेतात, सगळं नाव त्यांचं. दुसऱ्या आधारपेशी. त्या चेतापेशींच्या अवतीभवती असतात, त्यांना खायला-प्यायला बघतात, त्यांचा पसारा आवरतात. कित्येक वर्षं शास्त्रज्ञांना वाटायचं, ह्या नुसत्या भरतीच्या, मोकळी जागा भरायला. मग हळूहळू लक्षात आलं की कुणाची कुणाशी गाठ बांधायची आणि कुणाची सोडायची ह्यात ह्यांचा मोठा हात आहे. मूल लहान असतं तेव्हा त्याचे दोन्ही डोळे मेंदूतल्या जागेसाठी भांडत असतात. जो डोळा जास्त काम करतो तो जास्त जागा धरतो. आधारपेशी कोवळ्या असतात तोवर हे भांडण चालू राहतं. त्या जून झाल्या की दार लावून घेतात. मग ज्याच्या वाट्याला जेवढं आलं तेवढं आलं. ते दार कसं लागतं, कधी लागतं, हे मी गणितात मांडते आणि कम्प्युटरवर चालवून बघते.

बैठक गप्प झाली. पुण्यातल्या परिसंवादात मला इतकी शांतता कधी मिळाली नव्हती. मग दादाचा सगळ्यात जवळचा कार्यकर्ता उठला. हा दादाच्या गाडीचं दार उघडतो, दादाचं भाषण लिहितो आणि दादा हसायच्या आधी हसतो.

"म्हंजे ताई," तो म्हणाला, "मेंदूत बी कार्यकर्तेच हायेत की. नाव पुढाऱ्याचं, आन दार लावणार आमी."

टाळ्या पडल्या. खरं सांगते, मला आनंद झाला, कारण हीच गोष्ट माझ्या सरांच्या गळी उतरवायला मला वर्ष लागलं होतं. दादाचं तोंड मात्र पडलं. आठवड्याभरात हायवेला फ्लेक्स लागला. त्यावर शाल पांघरलेली मी, आणि खाली ठळक अक्षरांत 'मेंदूतील कार्यकर्त्यांना न्याय मिळवून देणाऱ्या आमच्या भगिनी'. शुभेच्छुक म्हणून कार्यकर्त्यांच्या फोटोंची एवढी दाटी की त्यात दादा शोधावा लागत होता. तेव्हापासून दादा त्या रस्त्यानं जाताना गाडीच्या दुसऱ्या खिडकीतून बाहेर बघायचा.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण त्या घरात एक पोरगी होती.

दादाची लेक, माझी भाची. पहिलीतून दुसरीत चाललेली, पुढचे दात पडलेले, तोंडाची टकळी अखंड चालू. शाळेत डोळे तपासायला लोक आले तेव्हा कळलं की तिच्या डाव्या डोळ्याला नीट दिसत नाही. बीडच्या डॉक्टरबाईंनी तपासून सांगितलं की डोळ्याला काही झालेलं नाही, मेंदूनं त्या डोळ्याचं ऐकणं सोडलंय. चष्मा दिला, आणि उजव्या, चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी लावायला सांगितली, म्हणजे आळशी डोळ्याला झक मारत काम करावं लागेल. हेही बजावलं की काय करायचं ते आत्ता करा. पोर मोठी झाली की मग ह्याचा फारसा उपयोग होत नाही.

हे मी फोनवर ऐकलं. पुण्यात बसून मी ज्या दाराचं गणित करत होते ते माझ्याच घरात, माझ्या भाचीच्या डोक्यात, हळूहळू लागत चाललं होतं. मी दादाला फोनवर समजावलं, वहिनीला समजावलं, पट्ट्यांचं खोकंच्या खोकं कुरियरनं पाठवलं. कम्प्युटरवर भाचीसारखीच मांडणी केली. एक डोळा कमजोर ठेवला, मग चांगल्या डोळ्याकडून येणारी आवक बंद केली. पडद्यावर कमजोर डोळ्याची जागा इंचाइंचानं वाढायला लागली. मी एकटीच त्या पडद्यापुढं बसून हसत होते. शेजारच्या टेबलावरच्या मुलानं विचारलं, सगळं ठीक आहे ना मॅडम?

दर रविवारी मी घरी फोन करून विचारायचे, पट्टी लावताय ना? वहिनी म्हणायची, रोज. डॉक्टरनं सांगितल्यापेक्षा जास्तच. पुढची तपासणी झाली. डाव्या डोळ्याला तक्त्यावरचं सगळ्यात वरचं मोठं अक्षर तेवढं दिसलं, बाकी सगळा आनंद. त्याच्या पुढच्या तपासणीलाही तेच.

आता शास्त्रज्ञ माणसाचं डोकं कसं चालतं बघा. घरच्यांवर शंका घ्यायची सोडून मी माझ्या गणितावर शंका घेतली. आधारपेशी मी धरून चालले होते त्यापेक्षा लवकर जून होत असणार, असं म्हणून मी आकडे बदलले आणि दार लवकर लावून टाकलं. सरांपुढं मांडलं. सर म्हणाले, रंजक आहे. सर ज्याला रंजक म्हणतात त्यावर मग तुमचे पुढचे कित्येक महिने जातात. माझे गेले. जेवताना, झोपताना, बसस्टॉपवर, मला तीच पोर दिसायची आणि तिच्या डोक्यातलं ते दार. रडू यायचं मला. वाटायचं, एवढं शिकून काय उपयोग, घरच्या एका पोरीचं भलं होईना आपल्या हातून.

दिवाळीला घरी गेले. दुपार होती. पोरगी अंगणात सीताफळ खात बसलेली, तोंड बरबटलेलं, दोन्ही डोळे टक्क उघडे. मी वहिनीला विचारलं, आज पट्टी नाही लावली? ती म्हणाली, अजून वेळ हाय की. मी म्हटलं, कसला वेळ? ती माझ्याकडं मी खुळी असल्यासारखी बघायला लागली.

"झोपताना लावतो ना. डॉक्टरनं थोडेच तास सांगितलेत, आमी रातभर लावतो. सकाळी उठली की काढायची."

पोर झोपल्यावर, तिचे दोन्ही डोळे मिटल्यावर, ही माणसं तिच्या उजव्या डोळ्यावर पट्टी लावत होती. रोज, न चुकता, एक दिवस खाडा नाही. आणि त्यांच्या ह्या नियमितपणावर विश्वास ठेवून मी अख्ख्या मानवजातीच्या मेंदूचं दार लवकर लावून बसले होते.

माझं डोकं फिरलं. मी इतकी ओरडले की बैठकीतली माणसं चहा तसाच ठेवून आत डोकावली. वहिनी रडायला लागली आणि रडता रडता एकेक बाहेर आलं. दिवसा पट्टी लावायची कशी? दिवसभर माणसं. आलेला प्रत्येक जण आधी साहेबांच्या लेकीला हाक मारणार, मांडीवर बसवणार, गाल ओढणार. आमच्याकडं पुढाऱ्याला रामराम घालायची ही एक पद्धतच आहे. पोरीचा गाल ओढल्याशिवाय कामाचा कागद खिशातून निघत नाही. त्यांच्यापुढं पोर एक डोळा बांधून आली तर संध्याकाळपर्यंत चौसाळ्याच्या बाजारात बोभाटा, साहेबांची पोरगी एका डोळ्यानं गेली म्हणून. आणि मग ते तिच्या लग्नापर्यंत पुसलं जाणार नाही. पहिल्या दिवशी लावली होती दिवसा, तर एका पाव्हण्यानं विचारलंच, काय झालं वो, फुटला का? दादानं तिथल्या तिथं पट्टी काढली. तोडगाही त्यानंच काढला. रात्री लावा. तास भरल्याशी मतलब.

तेवढ्यात दादाच आला. मी त्याच्यावर तुटून पडले. म्हटलं, पट्टी म्हणजे काय मलम आहे का रे, रातभर मुरायला? चांगला डोळा झाकायचा आणि वाईट डोळ्याला बघायला लावायचं, त्यासाठी तो उघडा नको का? दादानं सगळं ऐकून घेतलं. मग अगदी मनापासून म्हणाला, "मग आधी कावून न्हाई सांगितलं?"

ज्या बैठकीत मी घसा कोरडा केला तिथं हा माणूस पहिल्या खुर्चीवर बसला होता. फोनवर सांगितलं ते वेगळंच. मी हे त्याला सुनावलं तर म्हणतो, ते तर कम्प्युटरचं होतं ना. मी कपाळावर हात मारून घेतला.

पण दादा घाबरला, हे मात्र खरं. मी त्याला सांगितलं की ते दार लागत आलंय, आणि एकदा लागलं की तुझा आमदार, तुझा मंत्री, कुणाचाही फोन चालणार नाही. फोन न चालणारं काम त्याला आयुष्यात पहिल्यांदा भेटलं होतं. तो बराच वेळ लेकीकडं बघत बसला. ती बियांवर बिया थुंकत होती.

दुसऱ्या दिवसापासून पट्टी दिवसा लागली, भर बैठकीत. दादानं जाहीर केलं की ह्यावर कुणी एक शब्द बोलायचा नाही. जबाबदारी दिली त्या जवळच्या कार्यकर्त्याला. त्याला मी बसवून सगळं समजावलं. डाव्या डोळ्याकडून बारीक काम करून घ्यायचं. ज्वारीतले खडे निवडायला द्यायचे, सुईत दोरा ओवायला द्यायचा, पुस्तक वाचून घ्यायचं. त्यानं शब्द दिला की पोरगी पास झाल्याशिवाय तो दाढी करणार नाही. मी म्हटलं, अरे बाबा, ही परीक्षा नाही. तो म्हणाला, ताई, तुमी निर्धास्त जावा.

पोरीचे पहिले दिवस वाईट गेले. दाराला धडकली, पाण्याचा तांब्या लवंडला, पट्टी ओढून काढली, रडून रडून लाल झाली. वहिनीनं तिला पोटाशी धरलं, पण पट्टी परत लावली. वहिनीचं मला तेव्हा लई कौतुक वाटलं. बैठकीत मात्र वेगळाच तमाशा. साहेबांच्या घरात पट्टी आली म्हटल्यावर ती प्रतिष्ठेची वस्तू झाली. एकानं आपल्या धडधाकट पोराला पट्टी लावून आणलं आणि दादाच्या शेजारी उभं करून फोटो काढला. दुसऱ्यानं मला बाजूला घेऊन विचारलं, हे पुढाऱ्यांच्याच पोरांना होतं का? मी हात जोडले आणि पुण्याची गाडी धरली.

पुण्यात आधी माझे आकडे होते तसे केले. सरांना कारण सांगितलं. ते म्हणाले, हे रंजक नाही. तिकडून कार्यकर्त्याचे फोटो येतच होते. पोरगी खडे निवडताना. पोरगी वाचताना. शेजारी तो, दाढी छातीकडं निघालेली. खाली लिहिलेलं, काम चालू आहे.

तपासणीच्या दिवशी मी थेट बीडला गेले. दादा, वहिनी, पोरगी आणि कार्यकर्ता आले होते, आणि मागून दोन गाड्या भरून माणसं. डोळ्याची तपासणी आहे की उमेदवारी अर्ज भरायचाय, कळेना. डॉक्टरबाईंनी घरचे तेवढे आत घेतले. कार्यकर्ता दारात उभा राहिला, त्याला हलवणं कुणाच्या बापाला जमलं नसतं.

उजवा डोळा झाकला. पोरीनं भिंतीवरचा तक्ता वाचायला घेतला. वरचं मोठं अक्षर. दुसरी ओळ. तिसरी. चौथी. न अडखळता, घडाघडा, पार शेवटच्या बारीक ओळीपर्यंत. वहिनीनं तोंडाला पदर लावला. मी तर हुरळूनच गेले. दार उघडंच होतं, माझं पहिलं गणितच खरं होतं, ह्याच्यावर केवढा लेख होईल, असं काहीबाही एका दमात डोक्यातून गेलं. कार्यकर्त्यानं बाहेर इशारा केला आणि पेढ्याचे पुडे फुटले.

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. त्या उठल्या, तक्ता काढला आणि उलटा करून परत लावला. मागच्या बाजूला वेगळी अक्षरं होती. म्हणाल्या, आता हे वाच बाळ.

पोरीनं आधीचाच तक्ता वाचला. तीच अक्षरं, त्याच क्रमानं, शाळेत कविता म्हणतात त्या आवाजात. समोर त्यातलं एकही नव्हतं. शेवटची ओळ संपवून ती आमच्याकडं वळली आणि टाळ्यांची वाट बघत उभी राहिली.

बाहेर पेढ्यांची गडबड चालू होती. मी दाराकडं बघितलं तर कार्यकर्त्यानं मान खाली घातली. मधे एकदा एकटाच दवाखान्यात येऊन त्यानं तक्त्याचा मोबाईलवर फोटो काढला होता, फ्लेक्सवाल्याकडून भिंतीएवढा छापून आणला होता आणि खडे निवडून झाले की रोज पोरीकडून पाठ करून घेतला होता. पट्टी लावून, इमानदारीनं. माझ्या अंगाची आग झाली. मी त्याला काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. तो सगळं ऐकून एवढंच म्हणाला की साहेबांची लेक नापास झालेली मला कशी बघवंल, ताई. त्याच्या बोलण्यात कपट नव्हतं. पेढेही त्यानं स्वतःच्या खिशातून आणले होते.

डॉक्टरबाई पोरीला म्हणाल्या, पाठ केलेलं नको, आता दिसतंय ते सांग. काहीतरी बिघडलंय हे तिला कळलं होतं, काय ते कळत नव्हतं. तिनं बापाकडं बघितलं. आमच्या घरात आजवर कुणी नापास झालेलं नाही. दादानं होऊ दिलं नाही. दहावीला वर्गाबाहेर कोण उभं करायचं आणि सोसायटीची निवडणूक बिनविरोध कशी करायची, ह्यात त्याची हयात गेली. तो खुर्चीवरून उठला आणि पांढऱ्या कपड्यांसकट तिच्यापुढं फरशीवर बसला.

"दिसंल तेवढंच सांग बाळा. नापास झालीस तरी चालतंय."

पोरीनं मान पुढं काढली, डोळा बारीक केला. वरचं अक्षर सांगितलं. दुसरी ओळ थांबत थांबत सांगितली. तिसऱ्या ओळीतलं एक बरोबर आलं, एक चुकलं. मग तिनं हात खाली सोडले. पुढचं न्हाई दिसत, म्हणाली.

डॉक्टरबाई म्हणाल्या, आधी एकच अक्षर दिसत होतं, म्हणजे फरक पडलाय, पट्टी चालू ठेवा. दादानं विचारलं, अजून किती वेळ हाय आपल्याकडं? त्या म्हणाल्या, नक्की नाही सांगता येणार, पण तुमच्या बहीणबाईंचा हाच विषय आहे ना? सगळे माझ्याकडं बघायला लागले. माझ्या पडद्यावरचे डोळे असते तर मी बरोबर सांगितलं असतं. मी म्हटलं, मला माहीत नाही, दादा.

आम्ही बाहेर निघालो. पेढे खाऊन झालेली माणसं पोरीचा गाल ओढायला पुढं आली, दादानं त्यांना हातानंच लांब केलं. पोरीनं माझं बोट धरलं होतं. जरा पुढं गेल्यावर तिनं मला खाली वाकवलं.

"आत्या, खरं सांगितलं की कमी दिसतं का?"

मी तिला उचलून घेतलं. चांगली जड झाली होती. आधी कमीच दिसतं गं, मी म्हटलं, मग वाढत जातं. तिनं बरं म्हटलं आणि माझ्या खांद्यावर मान टाकली. वाढेल की नाही हे मला ठाऊक नव्हतं, आणि ते तिला सांगायची माझी छाती झाली नाही.